पिशवी काढून टाकू की गप्प सहन करू?

(पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या ३६ वर्षांच्या ताईंचं पत्र आहे. पाच वर्षांपासून ओटीपोट दुखतंय. आधी फक्त पाळीत दुखायचं, आता महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस. सिझरच्या टाक्यांच्या उजव्या टोकाशी एक ठराविक जागा टोचते, कंबर भरून येते, स्कूटीवर किंवा खुर्चीत जास्त वेळ बसलं की खाली जड जड होतं, लघवीला सारखं जावंसं वाटतं पण तपासणीत इन्फेक्शन निघत नाही, आणि संबंधाच्या वेळी इतकं दुखतं की नकोच वाटतं. दोनदा दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. पहिल्यात एंडोमेट्रिओसिसचे (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार) बारीक ठिपके जाळले, सहा महिने बरे गेले. दोन वर्षांपूर्वी दुसरं झालं त्यात काहीच विशेष सापडलं नाही. हार्मोनच्या गोळ्या, महागडी इंजेक्शनं, अँटिबायोटिकचे कोर्स, काढे, बस्ती, पोट चोळून घेणं, सगळं झालं. नसांची गोळी दिली होती, गरगरायचं म्हणून सोडली, तेव्हापासून "मीच नीट उपचार घेतले नाहीत" हे मनात आहे. आता डॉक्टर म्हणतात एक मूल झालंय, गर्भाशयाच्या पिशवीला सूज आहे, काढून टाकू, दिवाळीच्या सुट्टीत या. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी काय कमी दुखत होतं का. नवरा चांगला आहे पण रिपोर्ट नॉर्मल बघून त्यालाही वाटायला लागलंय की हे थोडं मनाचं असावं. ताई विचारतात, "काढून टाकू, की आता हे असंच म्हणून गप्प बसू? कधी कधी वाटतं डोळे मिटले तर सुटेन."

नमस्कार ताई,

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, हे नाही. डोळे मिटले तर सुटेन, हा विचार येऊन निघून जातो की मुक्काम करतो? कसं करायचं, कधी करायचं इथपर्यंत जातो का? जात असेल तर आजच नवऱ्याला किंवा बहिणीला, रात्री दोन वाजता जिला उठवायला तुम्हाला संकोच वाटत नाही अशा कुणालाही, याच शब्दांत सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. पाच वर्षं दुखतंय, झोप धड होत नाही, अशा माणसाला असे विचार येतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दुखणं थांबलं की तेही थांबेल म्हणून बाजूला ठेवू नका, त्याकडे वेगळं बघायला लागतं आणि आत्ताच.

आता पिशवीचं. मी तुम्हाला तपासलेलं नाही त्यामुळे निदान काही सांगणार नाही, पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर एक गोष्ट खटकली. तुम्ही विचारताय काढू की सहन करू, आणि या दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की दुखणं पिशवीत आहे. आता तुमचीच लक्षणं बघा. टाक्याच्या टोकाशी एक बोट ठेवता येईल अशी जागा. बसलं की खाली जड. इन्फेक्शन नसताना लघवीची घाई. संबंधात दुखणं. यातलं नक्की पिशवीचंच म्हणावं असं किती आहे? आणि उपचार बघा, हार्मोन, इंजेक्शन, ठिपके जाळणं, अँटिबायोटिक, सगळे पिशवीवर आणि तिच्या आजूबाजूला. सगळे उपचार करून झाले असं तुम्ही लिहिलंय, मला तर वाटतं एकाच जागेवरचे उपचार पुन्हा पुन्हा करून झालेत, बाकी जागांकडे कुणी बघितलेलंच नाही.

ओटीपोटात पिशवीच्या पुढे मूत्राशय आहे, मागे आतडं आहे, खाली झोळीसारखे स्नायू आहेत, समोर पोटाची भिंत आणि तिच्यातून जाणाऱ्या नसा आहेत, आणि या सगळ्यांच्या तारा मणक्यात जवळजवळ एकाच ठिकाणी जातात. म्हणून एकाचं दुखणं दुसऱ्याचं वाटतं आणि एक बिघडलं की शेजारचं पण कुरकुरायला लागतं. सहा महिन्यांहून जास्त चाललेल्या ओटीपोटाच्या दुखण्यात एकच कारण सापडेल ही अपेक्षाच बऱ्याचदा चुकीची असते, तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि प्रत्येकीचा थोडा थोडा इलाज करावा लागतो.

त्या टाक्याजवळच्या जागेपासून सुरू करा, कारण ती तपासायला एक रुपया लागत नाही. डॉक्टर तुम्हाला उताणं झोपवून त्या जागेवर बोट ठेवतात आणि डोकं-खांदे वर उचलायला सांगतात. पोट असं ताठ केल्यावर आतल्या अवयवाचं दुखणं सहसा कमी होतं, पण बोटाखालचं दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर ते पोटाच्या भिंतीतलं असण्याची शक्यता मोठी. सिझरच्या आडव्या टाक्याच्या टोकांशी बारीक नसा अडकतात, त्यातून असं होतं. कधी कधी टाक्यातच एंडोमेट्रिओसिसची गाठ असते, ती पाळीच्या वेळी जास्त दुखते आणि फुगल्यासारखी लागते, तीही बघायला सांगा. नस अडकली असेल तर त्या जागी भूल देणारं इंजेक्शन देऊन बघतात, तेवढ्यानं दुखणं थांबलं तर निदानही झालं आणि काहींना बराच काळ आरामही पडतो. घरी झोपून करून बघायला हरकत नाही, पण निष्कर्ष स्वतः काढू नका, फक्त डॉक्टरना सांगा. पाच वर्षांत आणि दोन ऑपरेशनांत ही चाचणी कुणी केली का हे तुम्हीच आठवून बघा.

मग ते खालचे स्नायू. कुठेही दुखलं की आपण तिथलं अंग आखडून धरतो ना, तसे हे पण आखडतात, आणि वर्षानुवर्षं आखडून राहिले की तेच दुखायला लागतात. बसल्यावर जड वाटणं, संबंधात दुखणं, लघवी पूर्ण झाली नाही असं वाटणं, शौचाला जोर लावावा लागणं, हे सगळं त्यांच्यामुळे होऊ शकतं आणि सोनोग्राफीत, दुर्बिणीत यातलं काहीही दिसत नाही. या स्नायूंचं, म्हणजे पेल्विक फ्लोअरचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, बहुतेक बायकाच असतात, त्या तपासून नेमका कुठला स्नायू आखडलाय ते सांगतात आणि तो सैल करायला शिकवतात. तपासणी आतून, ग्लोव्ह घातलेल्या बोटानं असते, तुम्ही नको म्हणालात तर त्या दिवशी नाही करत, बाहेरून सुरुवात करतात. तालुक्याला अशी कुणी मिळणार नाही हे मला माहितीय, सोलापूर किंवा पुण्यात शोधावी लागेल, पहिली भेट समोरासमोर आणि पुढचं व्हिडिओवर असं बऱ्याच जणी करतात. आणि एक, कुणी सांगितलं म्हणून किंवा रील बघून किगलचे व्यायाम सुरू करू नका. ते आवळायचे व्यायाम आहेत. आखडलेला स्नायू अजून आवळला तर दुखणं वाढतं. तोवर झोपून, गुडघे वाकवून, श्वास घेताना पोट आणि खालचा भाग सैल सोडायचा, सोडताना काही करायचं नाही, पाच-दहा मिनिटं. बालासन जमत असेल तर तेही. इतकंच.

लघवीबद्दल मला तुम्हाला एक विचारायचंय आणि तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही तरी माझा अंदाज आहे, शाळेत तुम्ही बाथरूमला जाता का? खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या कितीतरी बाया सकाळी घरून निघाल्यावर थेट संध्याकाळी घरीच जातात, म्हणून दिवसभर पाणीही पीत नाहीत, आणि मग स्टाफरूमचा चहा मात्र चार वेळा. लघवी कडक होते, मूत्राशयाला चहा-कॉफी झोंबते, वरून सात तास धरून ठेवायचं म्हणजे खालचे स्नायू सात तास आवळलेले. इन्फेक्शन नसताना मूत्राशय दुखणं हा खराखुरा आजार आहे, त्याला युरोलॉजिस्टकडे बघतात. पण त्याआधी दोन आठवडे चहा एकावर आणा, पाणी थोडं थोडं दिवसभर प्या, आणि मुख्याध्यापकांशी त्या बाथरूमच्या कडीचं आणि पाण्याचं बोला. पिशवी काढायचं ठरतंय आणि बाथरूमची कडी दुरुस्त होत नाहीये, हे वाचायला विचित्र वाटेल पण आहे हे असं आहे.

पोट साफ होत नसेल तर तेही सांगा डॉक्टरना. नसांच्या, हार्मोनच्या कितीतरी गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढतं आणि भरलेलं आतडं बाकी सगळ्यांना चिडवतं.

आता नवऱ्याला जे वाटतंय, मनाचं आहे, त्याबद्दल. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं असा अर्थ होत नाही, त्याचा अर्थ एवढाच की त्या मशीनला जे दिसतं त्यात काही सापडलं नाही. वरवरचा एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत बहुतेक दिसतच नाही. आणि ठिपके किती आहेत आणि दुखतं किती याचा सरळ हिशोब नसतो, थोडे असून खूप दुखणाऱ्या आहेत, खूप असून न दुखणाऱ्याही आहेत. शिवाय वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्या नसांचं होतं, साधा स्पर्श, भरलेलं मूत्राशय, स्कूटीचा दणका, सगळ्यालाच त्या दुखणं म्हणून वर कळवायला लागतात. हे मेंदूत आणि मणक्यात होतं म्हणून ते "मनाचं" नाही. काळजी, अपुरी झोप, घरातली भांडणं यानं ते वाढतं हे खरं, पण वाढतं आणि त्यामुळेच झालंय यात फरक आहे, आणि हा फरक नवऱ्याला समजावून सांगायचं काम एकट्या तुमच्यावर नको, पुढच्या वेळी त्यांना केबिनमध्ये सोबत घेऊन बसा, डॉक्टरच सांगतील.

नसांची गोळी सोडली याचं मनाला लावून घेतलंय ते आधी काढून टाका. गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण गॅबापेंटिन ही त्यातली बरीच दिली जाणारी. दुर्बिणीत काही न सापडलेल्या, ओटीपोट दुखणाऱ्या ३०६ बायकांवर ब्रिटनमध्ये तिचा मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा तिचा फायदा काही दिसला नाही, गरगरणं आणि झोप मात्र जास्त. म्हणजे तुम्हाला जे झालं ते पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. दुसरी औषधं आहेत, रात्री अगदी कमी डोसमध्ये अमिट्रिप्टिलिन देऊन बघतात, मेडिकलवाला किंवा घरातलं कुणी "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हणेल, तर दुखण्यासाठी ती त्यापेक्षा बऱ्याच कमी डोसमध्ये देतात एवढं लक्षात ठेवा. तोंड कोरडं पडतं, पोट कडक होतं, सकाळी सुस्ती येते, सगळ्यांना चालत नाही. डॉक्टरांशिवाय सुरू करू नका. आणि पाळीच्या दुखण्याची ती सगळ्यांच्या पर्समध्ये असते ती मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी, रोज रोज घेत असाल तर तेही उघड सांगा. २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं तिच्याबद्दल सूचना काढली होती, क्वचित पण गंभीर अशी अंगभर पुरळ आणि तापाची रिअ‍ॅक्शन येते म्हणून.

पिशवी. "सूज आहे" म्हणजे रिपोर्टमध्ये बहुतेक बल्की यूटेरस लिहिलेलं असणार. मूल झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच, नुसत्या त्या दोन शब्दांवर ऑपरेशन ठरत नाही. आपल्याकडे पिशवीला सूज, पिशवीच्या तोंडाला जखम, पुढे कॅन्सर होईल, या तीन वाक्यांवर किती बायकांच्या पिशव्या गेल्यात. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यात कितीतरी जणी तुमच्याहून लहान. तुमच्या डॉक्टरांचा हेतू वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यांनाही तुमचं दुखणं बघवत नसेल आणि हातात जे आहे ते ते देतायत. आणि पिशवी काढणं नेहमी चूक असतं असंही नाही. पिशवीच्या भिंतीतच एंडोमेट्रिओसिससारखं अस्तर शिरलेलं असेल, ज्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात, पाळीत रक्त खूप जात असेल, दुखणं पाळीला धरून असेल आणि गोळ्यांनी भागत नसेल, मूल नको असेल, तर काढल्यावर सुटल्यासारखं झालेल्या बायका खूप आहेत. पण तुमचं दुखणं महिनाभर चालतं. अशा दुखण्यासाठी पिशवी काढल्यावरही साधारण पाचांत एकीला तरी ते राहतंच असं अभ्यासांत दिसलंय, काही अभ्यासांत त्याहून जास्त. आणि टाक्यातली नस, आखडलेले स्नायू, मूत्राशय, हे पिशवीसोबत निघून जात नाहीत.

म्हणून डॉक्टरना विचारा, भांडायच्या सुरात नको, सरळ विचारा. माझ्या दुखण्यांपैकी कुठलं जाईल आणि कुठलं राहील असं तुम्हाला वाटतं? अ‍ॅडिनोमायोसिस आहे का हे एमआरआयनं किंवा एंडोमेट्रिओसिसची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्या माणसाकडून बघून घेऊ का? अंडाशय ठेवणार का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण ३६ व्या वर्षी दोन्ही अंडाशय गेले तर दुसऱ्या दिवसापासून पाळी गेलेल्या बाईचं शरीर होतं, गरम वाफा, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका, आणि त्यासाठी पुढे वर्षानुवर्षं हार्मोन घ्यायचे की नाही हा प्रश्न. "सोबत काढून टाकू, त्रास नको" असं हलक्यात म्हटलं जातं, ते हलकं नाहीये. आणि तिसऱ्यांदा दुर्बीण घालून चिकटलेलं सोडवू, नस कापू असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका, नुसत्या दुखण्यासाठी या दोन्ही गोष्टी केल्याचा फायदा चांगल्या चाचण्यांमध्ये टिकलेला नाही.

कुणाकडे जायचं? नेदरलँड्समध्ये १९९१ साली एक अभ्यास छापला गेला, १०६ बायका होत्या. निम्म्यांना नेहमीसारखी आधी दुर्बीण, काही नाही सापडलं तर मग बाकीचं. उरलेल्यांना पहिल्या दिवसापासून शरीर, मन, खाणं, फिजिओ, घरचं वातावरण, सगळ्याकडे सारखं लक्ष, दुर्बीण सगळ्यांना नाही. दुसऱ्या गटातल्या जास्त बायकांचं दुखणं कमी झालं. तीस वर्षांहून जास्त झाली याला आणि आपल्याकडे अजून बाई एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये फाइल घेऊन फिरतेय. असं सगळं एका छताखाली देणारं क्लिनिक तुमच्या जवळ नसेल, तर मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये भूलतज्ज्ञांच्या विभागाकडे पेन ओपीडी, म्हणजे फक्त दुखण्यावर उपचार करणारी ओपीडी, चालते का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी चालते आणि खासगीच्या मानानं खर्च फारच कमी. एक गायनॅक जी कापायच्या घाईत नाही, एक फिजिओ, एक पेनवाले डॉक्टर, गरज पडली तर युरोलॉजिस्ट आणि समुपदेशक. यातला कुणीतरी एक मुख्य धरा, बाकीच्यांनी दिलेलं सगळं त्याला दाखवायचं.

त्यांच्याकडे जाताना ती जाड फाइल न्या पण वर एक पान स्वतःच्या अक्षरात लिहून न्या. कधी सुरू झालं, कुठला उपचार, किती महिने, काय फरक पडला. आणि दोन पाळ्यांची नोंद, वहीत तारखेसमोर दहापैकी किती दुखलं, लघवी, शौच, संबंध, प्रवास, झोप. तुम्ही शिक्षिका आहात, हजेरीपत्रक भरता रोज, हेही जमेल.

दुखणं शून्यावर येईल का, मला नाही सांगता येणार, आणि जो पहिल्या भेटीत तशी खात्री देतो त्याच्यापासून जरा लांबच राहा. दुखण्याच्या संशोधनात दहापैकी दोन आकडे किंवा साधारण ३० टक्के कमी झालं तरी तो खरा फरक धरतात, कारण तेवढ्यानं माणूस बसू शकतो, झोपू शकतो. म्हणून दुखणं गेलं का यापेक्षा काय करता यायला लागलं हे मोजा, पूर्ण तास खुर्चीत बसून पेपर तपासणं, मुलाच्या गॅदरिंगला शेवटपर्यंत थांबणं, असलं काहीतरी तुमचं तुम्ही ठरवा. आणि बऱ्या दिवशी सगळं घर काढायचं आणि मग दोन दिवस आडवं पडायचं, हे करत असाल तर थांबवा. बऱ्या दिवशीही अर्धंच काम, वाईट दिवशीही थोडं चालणं.

नवऱ्याशी संबंधाबद्दल बोलायला अवघड जाईल तरी बोला. दुखत असताना दात आवळून पार पाडलं की पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळून घेतात आणि अजून दुखतं, त्यामुळे फिजिओ सुरू असेपर्यंत काही महिने आत जाणारं काही नको असं दोघांनी मिळून ठरवणं हा उपचाराचाच भाग आहे, नकार नाही. जवळीक बाकी कशातही असते. सासूबाईंचं म्हणाल तर त्यांच्या वेळी पण दुखतच होतं, कुणी विचारलं नाही एवढंच. एखाद्या दुपारी तुम्हीच त्यांना विचारून बघा, मला वाटतं त्या बोलतील.

यात ताप, संबंधानंतर किंवा मधेच रक्त जाणं, शौचातून-लघवीतून रक्त, वजन घटणं, पाळी चुकून अचानक जोरात दुखणं असं काही झालं तर वही-बिही बाजूला ठेवून लगेच दवाखान्यात जायचं.

दिवाळीच्या तारखेचं, मी असते तर फोन करून पुढे ढकला म्हणाले असते. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे घाईचं ऑपरेशन वाटत नाही, चार-सहा महिन्यांनी बाकीचं सगळं करून बघितल्यावरही पिशवीच मूळ आहे असं दिसलं तर तेव्हा काढता येईल, काढलेली परत बसवता येत नाही. सुट्टी आहेच तर ती तपासण्यांना वापरा. आणि त्याआधी एक काम याच आठवड्यात करा, दोन्ही ऑपरेशनांच्या नोट्स, फोटो किंवा व्हिडिओ आणि बायोप्सी केली असेल तर तिचा रिपोर्ट मागा. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. तोंडी मागू नका, अर्ज लिहा, एका प्रतीवर पोच घ्या, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. पण त्याच नियमात जपून ठेवायची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचीच आहे. तुमच्या दुसऱ्या ऑपरेशनला दोन झाली, पहिल्याचे कागद तर त्यांच्याकडे असले तर नशीब, म्हणून पहिल्या हॉस्पिटलला आधी जा.